डेस्कटॉपमधील दुसरा संगणक : आभासी यंत्राची उभारणी

एकाच डेस्कटॉपवर, तीच पेटी आणि तोच पडदा वापरून, दोन स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम एकाच वेळी चालविता येतात, ही सोय आज कोणत्याही साधारण घरगुती संगणकाच्या आवाक्यात आलेली आहे. ज्या सॉफ्टवेअरमुळे हे शक्य होते त्याला हायपरव्हायझर म्हणतात. ते मूळ संगणकाचा प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क यांतला काही हिस्सा बाजूला काढून त्यांतून दुसऱ्या, केवळ सॉफ्टवेअरने घडविलेल्या संगणकाचा आभास निर्माण करते, आणि त्या आभासी यंत्रात बसविलेल्या सिस्टीमला आपण खऱ्याखुऱ्या संगणकावरच चालत आहोत असे वाटत राहते. रॅमचा हिस्सा ठरवून दिलेला असतो. प्रोसेसरचा वेळ मात्र कालव्याच्या पाणीपाळीप्रमाणे दोन्ही सिस्टीमना आळीपाळीने मिळतो, फक्त ही पाळी सेकंदाच्या लहानशा अंशात बदलत असल्याने वापरणाऱ्याला ती जाणवत नाही.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या अवाढव्य संगणकांवर ती प्रत्यक्षात आणली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांपुढे ठेवली. डेस्कटॉपवर ती पोहोचली ती १९९९ मध्ये, व्हीएमवेअर वर्कस्टेशन या उत्पादनामुळे. मात्र ती वेगवान झाली, ती इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्येच तिच्यासाठी खास सोय घातल्यानंतर. सामान्य वापरकर्त्यांमध्ये प्रचलित असलेले व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर २००७ पासून उपलब्ध आहे. त्याचा मूळ भाग मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतो, आणि आज ते ओरॅकल कंपनीकडे आहे.

ही सोय विद्यार्थ्यांना विशेष उपयोगी आहे. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या शहरांत संगणकाचे शिक्षण घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, तर १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात आणि त्यांतल्या अनेक महाविद्यालयांत संगणकाचे पदवी अभ्यासक्रम चालतात. या विद्यार्थ्यांना लिनक्सचा सराव हवा असतो. परंतु घरातला डेस्कटॉप बहुधा एकच असतो, आणि त्यावर दुकानाचा हिशेब, भावंडांचे अर्ज आणि घरातल्या सर्वांचे फोटो साठविलेले असतात. अशा संगणकाच्या हार्ड डिस्कचे भाग पाडून विंडोजशेजारी लिनक्स बसविताना एक चुकीचा पर्याय निवडला गेला, तर हे सारे पुसले जाते. आभासी यंत्रात हा धोका जवळजवळ उरत नाही, कारण त्याची संपूर्ण हार्ड डिस्क म्हणजे मूळ संगणकावरील एक मोठी फाइल असते. आतली सिस्टीम कितीही बिघडली, तरी ती फाइल काढून टाकून नव्याने आरंभ करता येतो. मोडण्याची भीती न बाळगता शिकता येणे हे या विद्यार्थ्याच्या दृष्टीने आभासी यंत्राचे सर्वांत मोठे मोल आहे.

उभारणीची पहिली पायरी तपासणीची असते. विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरच्या माहितीखाली व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद, हे दिसते. बंद असल्यास संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ यांसारखी कळ दाबून बायोसमध्ये जावे लागते आणि तेथे इंटेलच्या संगणकात व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, तर एएमडीच्या संगणकात एसव्हीएम या नावाचा पर्याय चालू करावा लागतो. त्यानंतर ज्या सिस्टीमची गरज आहे तिची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्वीच्या इन्स्टॉलेशन सीडीची हुबेहूब प्रत, उतरवून घ्यावी लागते. उबुंटू या लिनक्स सिस्टीमची अलीकडची अशी फाइल सुमारे ६ जीबीची असल्याने मोबाइलच्या रोजच्या डेटामध्ये ती एका दिवसात उतरणे अवघड जाते, आणि अर्धवट किंवा सदोष उतरलेली फाइल पुढे न उलगडणाऱ्या अडचणी निर्माण करते. म्हणून संकेतस्थळावर दिलेली एसएचए-२५६ ही पडताळणीची अक्षरमाला आपल्या फाइलच्या अक्षरमालेशी जुळवून पाहणे अगत्याचे आहे.

आभासी यंत्र तयार करताना रॅम किती द्यावी, हा खरा निर्णयाचा प्रश्न असतो. मूळ संगणकाची ८ जीबी रॅम असेल तर निम्म्याहून अधिक देऊ नये, कारण विंडोजलाच रॅम अपुरी पडू लागली की दोन्ही सिस्टीम एकदमच रखडतात. रॅम ४ जीबीच असेल, तर उबुंटूचा आग्रह सोडून लुबुंटूसारखी हलकी सिस्टीम निवडणे शहाणपणाचे ठरते. डिस्कसाठी २५ जीबी राखून ठेवली, तरी प्रत्यक्षात फाइल गरजेनुसार वाढत जाते. ती आपोआप लहान मात्र होत नाही. इंटरनेटसाठी नॅट हा पर्याय पुरेसा असतो, ज्यात आभासी यंत्र मूळ संगणकाच्या आडून इंटरनेट वापरते. ब्रिज्ड पर्यायात ते घरच्या वायफायवर स्वतंत्र संगणक म्हणून उभे राहते, आणि त्याची गरज सर्व्हर चालविण्याचा सराव करणाऱ्यालाच पडते. मूळ संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्याजागी एसएसडी बसविल्याने जेवढा फरक पडतो तेवढा अन्य कोणत्याही बदलाने पडत नाही.

आभासी यंत्राचा याहूनही मोलाचा, पण फारसा लक्षात न घेतलेला उपयोग मराठी मजकुराशी निगडित आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी महाराष्ट्रातील छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर पुस्तके, स्मरणिका, गौरवग्रंथ आणि लग्नपत्रिका जुळविल्या गेल्या. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत. त्यामुळे संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच राहतो आणि नेमका तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात येते, त्यात १६ बिटचे कार्यक्रम चालत नाहीत आणि ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेले ड्रायव्हर बसत नाहीत, म्हणून जुने सॉफ्टवेअर विकत घेताना मिळालेले लॉक, म्हणजे सॉफ्टवेअर अधिकृत असल्याची खूण पटविणारे लहानसे उपकरण, नव्या संगणकाला ओळखताच येत नाही. ज्या लेखकाची संहिता अशा फाइलमध्ये अडकली आहे, त्याचे पुस्तक पुन्हा छापायचे झाल्यास सारा मजकूर नव्याने टाइप करावा लागतो, आणि मराठवाड्यातील स्थानिक इतिहासाची, संतपरंपरेची किंवा हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींची लहान आवृत्तीची पुस्तके पाहता हा खर्च कोण करणार, हा प्रश्न गंभीर आहे.

आभासी यंत्रात ३२ बिट विंडोज एक्सपी बसविल्यास तोच जुना कारखाना नव्या डेस्कटॉपवर पुन्हा उभा राहतो. त्यासाठी ५१२ एमबी रॅम पुरते. मात्र एक्सपीमध्ये साटा डिस्कचे ड्रायव्हर मुळात नसल्याने आभासी डिस्क आयडीई प्रकारच्या कंट्रोलरला जोडावी लागते, अन्यथा सिस्टीम सुरूच होत नाही. यूएसबीचे लॉक व्हर्च्युअलबॉक्समधून आभासी यंत्राकडे सोपविता येते. एक्सपीला सुरक्षेचे अद्ययावतन मिळत नसल्यामुळे तिचे आभासी नेटवर्क कार्ड बंदच ठेवावे आणि फाइलींची देवघेव एकाच सामायिक फोल्डरमधून करावी. तेथून बाहेर काढलेला मजकूर त्या विशिष्ट फॉन्टसाठी तयार केलेल्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो, जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या मात्र डोळ्यांनी तपासाव्याच लागतात. आभासी यंत्रातील विंडोजलाही स्वतंत्र परवाना लागतो, आणि संगणकासोबत आलेला परवाना बहुधा त्याच संगणकापुरता असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वीज अचानक जाण्याचा प्रसंग मराठवाड्यात नवा नाही. चालू आभासी यंत्र असे बंद पडल्यास त्याची डिस्क-फाइल बिघडू शकते. म्हणून वीज जाऊन संगणक इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर चालू लागताच यंत्राची स्थिती जशीच्या तशी जतन करून ते बंद करण्याची सवय लावून घ्यावी. स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणाच्या स्थितीची नोंद, प्रयोगापूर्वी घेतली की बिघाडानंतर त्या स्थितीत परतता येते. पण ती मूळ डिस्क-फाइलवरच अवलंबून असल्यामुळे तिला बॅकअप समजणे चूक आहे. खरा बॅकअप म्हणजे यंत्र बंद करून त्याचे पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरविणे, आणि ती प्रत दुसऱ्या डेस्कटॉपवर उघडून पाहणे.

छापखान्यातील जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या फॉन्टचे फोल्डर, इन्स्टॉलेशनच्या सीडी आणि लॉक बाजूला काढून ठेवावे, आणि ते लॉक यूएसबीचे आहे की प्रिंटरच्या रुंद समांतर पोर्टला लागणारे, हे आधी पाहावे. समांतर पोर्टचे लॉक आभासी यंत्रात चालेलच याची खात्री देता येत नाही. अशा वेळी जुना संगणक चालू आहे तोवरच त्यावरील सर्व फाइलींचा मजकूर काढून घेणे आणि प्रत्येक पुस्तकाची एक पीडीएफ करून ठेवणे, हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे लागते.