दुहेरी मोटार आणि राखीव मार्गिका

दिल्लीच्या निजामुद्दीन पुलावरून यमुना ओलांडून पूर्वेकडे निघाले, की आठ-नऊ किलोमीटरांत उत्तर प्रदेशाची हद्द लागते. लोक त्या जागेस यूपी गेट म्हणतात. तेथून पुढे गाझियाबाद. मोगल अमदानीत गाझीउद्दीन नावाच्या वजिराने १७४० साली वसविलेले हे गाझीउद्दीननगर. पुढे आगगाडी आली आणि नाव आखूड झाले, असे सांगतात. गाव वाढले तसा रस्ताही रुंदावला. २७ मे २०१८ रोजी दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गाचा हा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा त्याच्या मार्गिका चौदा होत्या: मधल्या सहा द्रुतगती वाहनांच्या आणि दोन्ही अंगांच्या मिळून आठ इतर रहदारीच्या. मधल्या सहांवर दुचाकीस मज्जाव आहे. परंतु एका माणसाची मोटार आणि चार माणसांची मोटार ह्यांत हा रस्ता काहीही भेद करीत नाही.

असा भेद करावा हा विचार मूळचा अमेरिकेतला. वॉशिंग्टन शहराकडे येणाऱ्या शर्ली हायवेवर १९६९ साली बसगाड्यांसाठी मार्गिका राखून ठेवण्यात आली, आणि १९७३ च्या अखेरीस निदान चौघे बसलेल्या खाजगी मोटारींनाही तीत प्रवेश मिळाला. ह्यामागचा हिशेब साधा आहे. रस्त्याचे काम माणसे पोहोचविण्याचे. मोटारी पोहोचविणे हे त्याचे काम नव्हे. चार शेजारी चार गाड्यांतून कचेरीस गेले तर चार गाड्यांची जागा अडते. तेच एका गाडीतून गेले तर तीन गाड्यांची जागा मोकळी राहते. ही जागा वाचविणाऱ्यास आपण वेळ वाचवून द्यावा, असा तो सौदा.

सौदा चांगला होता. त्यात तिसरा पक्षकार शिरला तो नव्या धर्तीच्या मोटारीच्या रूपाने. त्या मोटारीची ओळख आधी करून घेतली पाहिजे.

हायब्रिड म्हणजे दुहेरी मोटार. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. ह्या जातीतही पोटजाती आहेत. सौम्य हायब्रिडमध्ये विजेची मोटर इंजिनास नुसता हातभार लावते. ती एकटीने गाडी ओढीत नाही. सशक्त हायब्रिडमध्ये गाडी काही अंतर केवळ विजेवर चालते, पण ती वीज गाडीच निर्माण करते: ब्रेक दाबला की चाकांचा वेग वाया न जाता बॅटरीत साठतो. तिची बॅटरी लहान, एक-दोन युनिटांची. तिसरी जात प्लग-इन हायब्रिडची. हिची बॅटरी दहापासून पंचवीस युनिटांपर्यंत असते आणि ती घरच्या विजेवर भरता येते. एकदा भरली की चाळीस-पन्नास, क्वचित ऐंशी किलोमीटर गाडी पेट्रोलला स्पर्श न करता जाते. पुढे इंजिन आहेच.

गाझियाबादच्या माणसास हे अंतर फार सोयीचे आहे. त्याच्या घरापासून दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपर्यंत पंचवीस-तीस किलोमीटर. रात्री प्लग लावला तर सकाळचा सारा प्रवास धुराविना होईल, आणि बॅटरी मोठी असल्यास परतीचाही. प्लग न लावला तर? तर हीच गाडी जड बॅटरी पाठीवर वाहणारी पेट्रोलची गाडी ठरते. तिच्या साऱ्या गुणावगुणांची किल्ली मालकाच्या रात्रीच्या सवयीत आहे. युरोपीय आयोगाने २०२४ साली ह्याचा ताळा प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदींवरून घेतला. २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लग-इन गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट कार्बन वायू सोडीत होत्या. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हीच तफावत सुमारे वीस टक्क्यांची होती. यंत्र खोटे नव्हते; प्रयोगशाळेने जितका प्लग गृहीत धरला होता, तितका मालकांनी लावला नव्हता.

आता पुन्हा त्या राखीव मार्गिकेकडे वळू. कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये ठरविले, की इंधन वाचविणाऱ्या हायब्रिड मोटारीत एकटा मनुष्य असला तरी तिला ह्या मार्गिकेतून जाऊ द्यावे. मागील बाजूस पिवळी चिकटपट्टी लावायची, की झाले. अशा ८५,००० पट्ट्या वाटण्यात आल्या. मौज अशी, की पट्टी लावलेली जुनी गाडी बाजारात बिनपट्टीच्या गाडीहून अधिक किमतीस जाऊ लागली. लोक मोटारीबरोबर वेळही विकत घेत होते. १ जुलै २०११ रोजी पिवळ्या पट्टीची मुदत संपली आणि २०१२ पासून प्लग-इन गाड्यांसाठी हिरवी पट्टी आली. ह्या हिरव्या पट्टीच्या मोहाने कितीतरी लोकांनी प्लगची गाडी घेतली असेल. पण प्लग लावला काय आणि न लावला काय, पट्टीचा रंग तोच राहणार! तिकडच्या केंद्रीय कायद्यात अशा मार्गिकेस एक अट आहे: गर्दीच्या वेळांपैकी नव्वद टक्के वेळ तरी तीत ताशी ४५ मैलांचा, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरांचा वेग राहिला पाहिजे. एकेकट्या मोटारी शिरत गेल्या की वेग घसरतो, आणि जे चौघे मिळून आले त्यांनाच रांगेत उभे राहावे लागते. अखेर सवलतीस आधार देणाऱ्या केंद्रीय कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी सरली आणि कॅलिफोर्नियातली ही पट्टी निकालात निघाली. सिलिकॉन व्हॅलीत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या सकाळच्या वेळापत्रकात तेव्हा फरक पडला असणार.

आपल्याकडे मार्गिका राखण्याचे प्रयोग झाले ते बसगाडीसाठी. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर हा मार्ग आखला गेला. बसच्या मार्गिकेत शिरणारी दुचाकी पुणेकरांस नवी नाही. दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद असा मार्ग झाला. मोटारवाल्यांची त्यावर इतकी नाराजी झाली की २०१६ मध्ये तो उखडण्यात आला. गाडीत किती माणसे आहेत हे मोजून मार्गिका देण्याची पाळी दिल्ली-गाझियाबादेवर आलीच नाही. तिच्याऐवजी आली सम-विषमाची योजना.

१ ते १५ जानेवारी २०१६ ह्या पंधरवड्यात दिल्लीत सम तारखेस सम क्रमांकाच्या आणि विषम तारखेस विषम क्रमांकाच्या मोटारी धावाव्यात, असा हुकूम निघाला. रविवार वगळता सकाळी आठ ते रात्री आठ. मोडणाऱ्यास दोन हजार रुपये दंड. गाझियाबादची मोटार यूपी गेट ओलांडताच ह्या नियमाखाली येत असे. त्या दिवसांत शेजाऱ्यांनी एकमेकांच्या गाडीतून जाणे मनावर घेतले, कारण निम्मे दिवस आपली गाडी घरी ठेवणे भागच होते. ह्या हुकमातूनही विजेच्या, सीएनजीच्या आणि हायब्रिड गाड्या वगळल्या होत्या. अशा गाडीच्या मालकास शेजाऱ्याची गरज उरली नाही! हायब्रिड हा शब्दही त्या काळी फार सैल होता. केंद्राच्या फेम योजनेत २०१५ पासून सौम्य हायब्रिड डिझेल मोटारींनाही सवलत मिळत होती. १ एप्रिल २०१७ पासून ती काढून घ्यावी लागली.

पुढचा प्रसंग थेट गाझियाबादचा, कारण तो उत्तर प्रदेश सरकारचा. जुलै २०२४ मध्ये ह्या सरकारने सशक्त आणि प्लग-इन अशा दोन्ही हायब्रिडांचा नोंदणीच्या वेळचा कर ऑक्टोबर २०२५ पर्यंत माफ केला. दहा लाखांवरच्या मोटारीस हा कर तेव्हा दहा टक्के होता. म्हणजे पंचवीस लाखांच्या गाडीस अडीच लाख वाचले. पण प्लग-इन गाडी भारतात आजवर आली ती मुख्यत्वे श्रीमंतांच्या अंगणात. २०१६ साली आलेली व्होल्वोची एक्ससी ९० टी ८ सव्वा कोटीची; २०२२ च्या डिसेंबरात आलेली बीएमडब्ल्यू एक्सएम २ कोटी ६० लाखांची आणि वजनाने पावणेतीन टनांच्या आसपास. अशा गाडीस २६ लाखांची सूट द्यायची आणि ती रात्री प्लगला लागते की नाही हे विचारायचे नाही, हे मला तरी पटत नाही. सशक्त हायब्रिडची गोष्ट वेगळी. तिच्या मालकाला काहीच करावे लागत नाही. म्हणूनच तिची बचत लहान असली तरी खात्रीची.

टोलनाक्यावर तर ह्या साऱ्या जातींत फरकच नाही. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल वाहनाच्या आकारमानाच्या वर्गावर ठरतो. मोटार, जीप आणि व्हॅन ह्यांचा वर्ग एक. फेब्रुवारी २०२१ पासून सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींस तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास मिळू लागला. म्हणजे फेरीस पंधरा रुपये. चौघे बसले तर माणशी पावणेचार रुपये, एकटा असला तर पंधरा. गाडीत डोकावून माणसे मोजणारा कोणी नसताना टोलच्या नाक्यावर शेजारधर्मास मिळणारे बक्षीस ते एवढेच. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग ह्यांवर विजेच्या मोटारींचा टोल माफ केला. संपूर्ण विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते आणि तिच्यात पेट्रोलची टाकीच नसते, म्हणून तिथे फसवणुकीस जागा थोडी. माणसे मात्र तिथेही कोणी मोजीत नाही.

आणि गाझियाबादेत मोजण्याजोगे पुष्कळ आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की ठरलेल्या टप्प्यांच्या योजनेतील तिसऱ्या टप्प्यात दिल्लीबरोबर गाझियाबादेतही बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेलच्या मोटारी बंद होतात. प्लगची गाडी नव्या प्रतीची असल्याने तिला त्या दिवशीही मोकळीक असते, मग तिची बॅटरी भरलेली असो वा आठवडाभर रिकामी.

तेव्हा इंदिरापुरम वा वैशालीतल्या ज्या गृहस्थास ही गाडी घ्यायची आहे, त्याने सवलतींच्या यादीपेक्षा आपल्या इमारतीचे तळघर आधी पाहावे. नव्या इमारतींत वाहनतळाच्या वीस टक्के जागी चार्जिंगची सोय असावी, अशी दुरुस्ती केंद्राने नमुना बांधकाम-नियमांत केली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्या भागातल्या पुष्कळ इमारती त्याआधीच्या. तेथे नवव्या मजल्यावरच्या घरातून खाली आपल्या गाडीपर्यंत तार कशी आणायची, मीटर कोणाच्या नावावर आणि जळालेली वीज कोणाच्या बिलात, हे आधी सोसायटीच्या सभेत ठरावे लागते.