जुन्या पिकअपच्या पोटात इंजिन कोणते?

सांगलीच्या हळदपेठेत माल उतरवून उभ्या असलेल्या जुन्या पिकअपच्या चालकाला "गाडीत इंजिन कोणते?" असे विचारले, तर तो बहुधा बॉनेटवरचे नाव सांगतो. फार तर "मिस्तरी म्हणाला ते" असे उत्तर मिळते. गाडी नवी असेपर्यंत हे उत्तर चालून जाते. वीस-पंचवीस वर्षांत तीन मालक पाहिलेल्या गाडीबाबत ते चालत नाही. कारण इंजिन हा गाडीचा अवयव असला तरी तो बदलता येतो, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो सर्रास बदललेला आम्ही पाहिला आहे.

तासगावकडच्या एका चालकाने कर्ज काढून अशी गाडी घेतली. द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर इंजिन धूर ओकू लागले. त्याने पुस्तकात पाहून पिस्टन आणि रिंगा आणल्या. हेड उघडले तेव्हा त्या बसेनात. इंजिन दुसरेच होते! आमच्याकडे तो आला तेव्हा त्याच्या हातात न बसलेले पिस्टन होते आणि खिशात हप्त्याची नोटीस होती.

इंजिन ओळखायचे तर पहिली साक्ष लोखंडाची घ्यावी. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. जागा प्रत्येक इंजिनाची वेगळी. साधारणतः बाजूला, मशीनने सपाट केलेल्या पट्टीवर तो सापडतो. डिझेलात भिजवलेल्या चिंधीने तेलाचा थर काढावा, तारेचा ब्रश फिरवावा आणि वर खडू घासून जादा पूड पुसून टाकावी. खोलगट आकडे पांढरे उमटतात. येथे एक चूक नेहमी होते. ब्लॉकवर उठावाचेही आकडे असतात. ते ओतकामाचे आकडे, साच्यातून आलेले. एकाच साच्यातल्या शेकडो ब्लॉकांवर तेच असतात. आपल्याला हवेत ते ठोकलेले, खोल आकडे. त्यांच्याभोवती ग्राइंडरचे ओरखडे असतील किंवा आकडे वेडेवाकडे असतील, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

हा क्रमांक आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. मग त्याच पुस्तकातला घनमानाचा, म्हणजे सी.सी.चा, आकडा पाहावा. हा आकडा फार बोलका आहे. महिंद्राच्या जुन्या जीप-पिकअप कुळात २११२ दिसले तर ते फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे एक्सडीपी इंजिन. २४९८ असेल तर त्याच घराण्यातले थोरले, एक्सडी-३पी. आणि २५२३ असेल तर डीआय. टाटाच्या गाड्यांत १९४८ म्हणजे ४८३ आणि २९५६ म्हणजे ४९७. टाटाच्या या नावांतच गणित आहे. पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरच्या मिलिमीटरांचे. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. मोठ्या ट्रकचे ६९७ याच रीतीने वाचता येते. बजाज टेंपोच्या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीजच्या आराखड्याचे सुमारे २४०० सी.सी.चे इंजिन असे.

पुस्तकावर विश्वास नसेल आणि हेड उघडलेलेच असेल, तर हिशेब आपणच करावा. बोअरला बोअरने गुणावे, मग ०.७८५४ ने, मग स्ट्रोकने, शेवटी सिलिंडरांच्या संख्येने. सर्व मापे सेंटीमीटरांत घ्यावीत. तासगावच्या त्या गाडीत बोअर ८.८९ आणि स्ट्रोक १०.१६ भरला. एका सिलिंडरचे ६३० हून थोडे अधिक, चारांचे २५२३. पुस्तकात होते २११२! (बोअर घासून वाढवलेला असेल तर आकडा किंचित चढा येतो, पण २११२ चे २५२३ काही होत नाहीत.)

ही मापे अशी अडनिडी का? ८८.९ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि १०१.६ म्हणजे चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरमधील बीडी-१५४ या इंजिनाचे माप नेमके हेच. या कंपनीचे ट्रॅक्टर आपल्या देशात बनवण्यासाठी १९६३ साली महिंद्राच्या भागीदारीने इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली होती. नांगराचे माप पिकअपमध्ये आले ते असे. प्यूजोचे बोअर मात्र ९० आणि ९४ मिलिमीटर, सरळ मेट्रिक.

हेड न उघडताही काही कळते. प्यूजोच्या इंजिनात डिझेल आधी लहान कोठडीत फवारले जाते, म्हणून थंडीत ते तापवायला प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग असतो आणि हेडवर चारही प्लग जोडणारी तार किंवा पट्टी दिसते. डीआय इंजिनात फवारा थेट पिस्टनवर पडतो, तेथे असे प्लग शोधून सापडत नाहीत. मात्र सी.सी. जुळले म्हणजे सुटे भाग जुळले असे समजू नये. पुढे २५२३ सी.सी.चेच कॉमन रेल इंजिन आले. जुन्यात पंपापासून चार नळ्या निघून चार नोझलांना जातात. नव्यात सर्व नळ्या एका जाड आडव्या नळीतून निघतात आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर विजेची तार असते. एकाचा पंप दुसऱ्याला लागत नाही.

राहिला कायदा. इंजिन बदलणे हा गुन्हा नव्हे. ते लपवणे अंगाशी येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली फेरबदलाला नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागते आणि संमतीवाचून झालेला बदल चौदा दिवसांत कळवावा लागतो. ते न केल्यास पासिंग अडते, गाडी नावावर होत नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येतो. दंड सोसावा लागतो तो आजच्या मालकाला. ज्याने इंजिन बदलले तो कधीच पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

तासगावच्या गाडीचे इंजिन चोरीचे नव्हते, एवढे बरे. आधीच्या मालकाकडे दोघे-तिघे मिळून गेलो, तेव्हा त्याने जुन्या कागदांतून इंजिन खरेदीची पावती काढून दिली आणि तिच्या आधारे नोंद दुरुस्त झाली. तोवर चैत्र लागला होता; त्या वर्षीची द्राक्षे दुसऱ्यांच्या गाड्यांतून मुंबईला गेली.