चौदा दिवस, कमी पावलं

2010 साली कोपनहेगनच्या संशोधकांनी 10 धडधाकट तरुणांना डॉक्टर कधी देणार नाहीत असा सल्ला दिला: चालणं टाळा, लिफ्ट वापरा. रोजची सुमारे 10,500 पावलं 1,350पर्यंत उतरली. दोनच आठवड्यांत इन्सुलिन-संवेदनशीलता 17 टक्क्यांनी घटली. पायांचे स्नायूही किंचित झिजले.

इन्सुलिनच्या हुकमावरून रक्तातली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. साखर आत घेणारी ‘ग्लुट-4’ प्रथिनं एरवी पेशीच्या आत असतात, इन्सुलिन आल्यावर पृष्ठभागावर येतात. गंमत म्हणजे स्नायू आकुंचन पावला, तर इन्सुलिनशिवायही येतात. बैठ्या माणसाचा हा दुसरा रस्ता जवळपास बंदच. पाय आठवडाभर जखडून ठेवला, तर त्या मांडीत पहिलाही मंदावतो.