प्रवासाच्या ब्लॉगचा जमाखर्च, मानवतच्या हिशेबाने

मानवत रोड स्टेशनवर उतरलेला बाहेरगावचा माणूस आधी विचारतो, "गाव कुठंय?" स्टेशनला नाव मानवतचे, पण गाव तिथून काही किलोमीटर आत. उतरणाऱ्यांतल्या कित्येकांना मानवतला यायचेही नसते. त्यांना पुढे पाथरीला जायचे असते, साईबाबांचे जन्मस्थान मानले जाणारे मंदिर पाहायला. रिक्षा कुठे मिळेल, बस स्टेशनवरून मिळते की आधी गावात जावे लागते, रात्री उशिरा उतरलो तर काय, मुक्कामाची सोय मानवतला बरी की परभणीला? मानवतमधल्या कुणालाही ही उत्तरे तोंडपाठ असतात. प्रवासाच्या ब्लॉगचे खरे भांडवल हेच. कॅमेरा, बॅग, विमानाची तिकिटे यांचा नंबर नंतर लागतो.

ब्लॉग सुरू कसा करायचा, त्यातून पैसे कोणत्या वाटेने येतात आणि किती उशिरा येतात, ते एकेक पायरीने पाहू.

विषय आधी, नाव नंतर

नवा लिहिणारा बहुधा "माझी भटकंती" असे नाव घेतो आणि गोवा, मनाली, बाली सगळ्यांवर लिहू लागतो. त्या ठिकाणांवर आधीच हजारो पाने आहेत आणि त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या आहेत. त्या गर्दीत नवख्याचा लेख शोधात वर येणे महाकठीण. उलट मानवतभोवतीचा एक दिवसाचा टापू पाहा. गोदाकाठचे धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची जुनी मंदिरे, गंगाखेडचे संत जनाबाईंचे मंदिर, पलीकडे हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव. यांच्याबद्दल इतिहास थोडाफार सापडतो, पण "जायचे कसे, चप्पल कुठे काढायची, जेवण मिळते का, म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढता येतील का" हे क्वचितच कुणी लिहून ठेवलेले असते.

लोक ब्लॉगवर सर्वाधिक कशासाठी येतात आणि कमाई कशातून होते, या दोन गोष्टी मात्र एक नाहीत. इंटरनेटवर मानवत शोधले तर पुढे येते ते १९७२ ते ७४ मधले हत्याकांड. २०२४ मध्ये त्यावर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आल्यावर त्यात भर पडली. त्यावर लिहिले तर वाचक येतील, कुतूहल भागले की निघूनही जातील. त्यांना ना गाडी करायची असते, ना खोली घ्यायची. पाथरीला निघालेले कुटुंब संख्येने थोडे, पण ते खर्च करायच्या तयारीने निघालेले असते. ब्लॉगचा पैसा अशा वाचकाभोवती फिरतो.

पत्ता आणि साधने

सुरुवातीला दोन रस्ते आहेत. गूगलचे ब्लॉगर फुकट आहे, त्यावर जाहिरातीही लावता येतात. दुसरा रस्ता वर्डप्रेसचा. त्यात स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, विकत घ्यावे लागते आणि होस्टिंग, म्हणजे मजकूर ठेवायची जागा, भाड्याने घ्यावी लागते. डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतात, होस्टिंगला काही हजार. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो, नूतनीकरणाचा दर बराच जास्त असू शकतो. तो आधी पाहूनच पैसे भरावेत.

लेखन टिकेल की नाही याची खात्री नसेल तर ब्लॉगरवर सुरू करा, पण डोमेन तेवढे स्वतःचे घ्या. ते ब्लॉगरलाही जोडता येते. पुढे वर्डप्रेसवर गेलात तरी पत्ता तोच राहतो आणि जमवलेला वाचक हातचा जात नाही.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर इंटरनेटवर चिकटवला की अक्षरांचा चिवडा होतो, आणि शोधयंत्राला त्यातले काहीच कळत नाही. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर बोलून टाइप करता येते. प्रवासातल्या नोंदी तशाच घ्याव्यात आणि घरी बसून नीट कराव्यात.

एक लेख, जवळून

समजा लेख आहे "मानवत रोडहून पाथरीला कसे जावे". पहिल्या चार ओळींतच उत्तर द्या: पाथरी कल्याण–निर्मल महामार्गावर आहे, मानवत गाव वाटेतच लागते, बस किंवा रिक्षा अमुक ठिकाणी मिळते. भाडे लिहिताना महिना आणि वर्ष टाका, कारण भाडे बदलते आणि तारखेविना लिहिलेला दर वाचकाला फसवतो. मग गाड्या: कोणती मानवत रोडला थांबते, कोणती सरळ परभणीला जाते, आणि परभणीला उतरलेच तर पुढे काय.

त्यानंतर माणसांनुसार माहिती द्या. महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा असे लिहा. देवदर्शनाला निघालेल्या कुटुंबात आजी असतेच, आणि तिच्या गुडघ्यांचा विचार करणारा लेख मुले-सुना एकमेकांना पाठवतात. स्वच्छतागृह कुठे आहे ते लिहा. दुपारी मंदिर बंद असते का, ते तिथे जाऊन विचारा, दुसऱ्याच्या पानावरून उचलू नका.

फोटो स्वतःचेच लावा. दुसऱ्याचा फोटो लावला तर कॉपीराइटचा प्रश्न येतो, आणि वाचकालाही तोच फोटो दहा ठिकाणी पाहून कंटाळा आलेला असतो. कळसापेक्षा बसथांब्याची पाटी, रिक्षा जिथून निघते तो कोपरा, पायऱ्यांची उंची दाखवणारे फोटो अधिक कामाचे. मोबाइलचा फोटो जसाच्या तसा चढवला तर पान उघडायला वेळ घेते. आधी त्याचा आकार कमी करा, कारण वाचकही एसटीत बसून अर्धवट रेंजवर वाचतो आहे.

आता गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरे स्वतःच वर देऊन टाकते. इकडून तिकडून जमवलेल्या माहितीवर लिहिलेल्या पानाची गरज त्यामुळे घटत चालली आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहिलेल्याचे मोल टिकून आहे.

वाचक कधी येतो

प्रवासाच्या शोधाला पंचांग असते. औंढ्याची गर्दी श्रावणात आणि महाशिवरात्रीला, परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत, आषाढी वारीच्या दिवसांत शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड करत पुढे परळीला जाते. वारकऱ्यांच्या घरचे मुक्कामाची गावे शोधत असतात. नव्या लेखाची दखल घ्यायला गूगल वेळ लावते, म्हणून उरुसाचा लेख दिवाळीच्या सुमारास आणि श्रावणाचा उन्हाळ्यात लिहून झाला पाहिजे.

बातमीमुळेही लाट येते. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा केली, त्यावरून शिर्डीने १९ जानेवारीला बंद पाळला आणि पाथरीचे नाव देशभर झाले. अशा वेळी वादावर लिहिणारे पुष्कळ असतात. पाथरीला पोचायचे कसे, हे ज्याने आधीच लिहून ठेवले असेल त्याच्याकडे वाद थंडावल्यावरही वाचक येत राहतात.

लोक मानवतचे नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. लेख मराठीत ठेवा, पण पानाच्या पत्त्यात आणि मजकुरात एकदा गावाचे इंग्रजी नाव येऊ द्या. कोणता शब्द टाइप करून माणसे आपल्या पानावर आली हे गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसते. ती यादी दर महिन्याला वाचा. पुढच्या लेखाचे विषय त्यातच असतात.

पैसा कोणत्या वाटेने येतो

वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. कमाई वाटेत लुटली गेली. उरले ते लेखन, आणि 'माझा प्रवास' हे त्यांचे प्रवासवर्णन छापले गेले १९०७ मध्ये. आजच्या ब्लॉगला इतका धीर धरावा लागत नाही, पण पैसा उशिराच येतो.

पहिली वाट जाहिरातींची. गूगलची ॲडसेन्स सेवा मराठी संकेतस्थळांना चालते. संकेतस्थळ मंजूर झाले की जाहिराती आपोआप लागतात. कमाई १० डॉलर झाली की गूगल टपालाने एक पिन पाठवते. तो साध्या टपालाने येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला सापडेल असाच लिहा: गल्ली, जवळची खूण, पिनकोड. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे मात्र १०० डॉलर जमल्यावरच बँकेत येतात. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. लहान शाखेला बहुधा तो स्वतःचा नसतो, तेव्हा कोणत्या मोठ्या शाखेचा द्यायचा ते विचारून घ्या.

आता आकडेमोड. हजार वाचनांमागे किती मिळते हे विषय, ऋतू आणि वाचकाचा देश यांवर ठरते. इंग्रजी मजकुराला, त्यातही परदेशी वाचकाला, जाहिरातदार जास्त मोजतात. उदाहरणापुरते हजार वाचनांमागे ६० रुपये आणि डॉलर ९० रुपयांना धरा. १०० डॉलर म्हणजे ९,००० रुपये, त्यासाठी दीड लाख वाचने लागतील. दिवसाला ३०० वाचने होत असतील तर पहिला हप्ता ५०० दिवसांनी. नोकरी सोडायचा विचार करण्याआधी हे गणित एकदा स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावे.

दुसरी वाट कमिशनची. तुमच्या दुव्यावरून कुणी वस्तू घेतली किंवा खोली आरक्षित केली तर कंपनी वाटा देते. ॲमेझॉनच्या योजनेत नाव नोंदवल्यावर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते, म्हणून वाचक जमेपर्यंत नोंदणीची घाई नको. हॉटेल आरक्षणाचे कमिशन वेरूळ-अजिंठ्याच्या लेखाला शोभते, कारण छत्रपती संभाजीनगरची हॉटेले त्या संकेतस्थळांवर आहेत. तालुक्याच्या गावातला लॉज बहुधा नसतो. तिथे मालकाला भेटून थेट बोलावे लागते.

तिसरी वाट प्रायोजित लेखाची. रिसॉर्ट किंवा टूर कंपनी पैसे देते किंवा फुकट मुक्काम देते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असा मजकूर जाहिरात असल्याचे ठळक दिसेल असे सांगावे लागते. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीची भेट किंवा सोय मिळाली तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस लागू आहे. फुकट मुक्कामही उत्पन्नात धरला जातो.

चौथी वाट स्वतःच्या सेवेची, आणि लहान गावातल्या लेखकाला सगळ्यांत आधी फळते ती हीच. चारठाणा, नेमगिरी आणि येलदरी धरण असा एका दिवसाचा कार्यक्रम आखा. दहा माणसे, जेवण, माहिती सांगणारा जाणकार, माणशी ठरलेली रक्कम. गाडी पिवळ्या पाटीचीच करा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेणे नियमबाह्य आहे. माणशी ३०० रुपये उरले तरी एका सहलीत ३,००० रुपये हाती येतात. जाहिरातींतून तेवढे यायला वरच्या हिशेबाने ५०,००० वाचने लागतील. शिवाय सहलीला येणाऱ्याने आधी तुमचा लेख वाचलेला असतो, त्यामुळे विश्वास नव्याने कमवावा लागत नाही. दिवाळी अंकाचे संपादक, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यांनाही नमुना म्हणून हाच ब्लॉग दाखवता येतो.

वही आणि निर्णय

पहिल्या दिवसापासून एका वहीत दोन बाजू ठेवा. खर्चात डोमेन, होस्टिंग, एसटीचे तिकीट, पेट्रोल, जेवण. जमेत आलेला प्रत्येक रुपया, कुठून आला त्यासह. बिले जपा, कारण हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचे असते आणि धंद्यासाठी झालेला खर्च त्यातून वजा करता येतो.

वर्षभराने वहीपेक्षा सर्च कन्सोल आधी उघडा. तिथे "मानवत रोड ते पाथरी बस", "धारासूर मंदिर कसे जावे" असे प्रश्न दिसत असतील आणि संख्या महिन्यागणिक वाढत असेल, तर जमेची बाजू कोरी असली तरी ब्लॉग चालू ठेवण्याजोगा आहे. फक्त ओळखीच्यांनी व्हॉट्सॲपवरून उघडलेली पाने दिसत असतील तर विषय बदला. दोन्ही परिस्थितींत वर्षाचा खर्च मर्यादेतच राहतो, कारण फिरणे एका दिवसाच्या टापूतले आहे आणि रात्री मुक्काम घरी.