चामड्याच्या कातरणीतून हत्यारांची गुंडाळी

ताईंनो, भिवंडीहून कामाला जाताना रापी, आरी पिशवीत सुटी ठेवली की हात कापतो, धारही जाते. धारावीत चामड्याची कातरण किलोवर मिळते. त्यातून गुंडाळी शिवा.

सगळ्यात लांब हत्यारापेक्षा चार बोटं लांब पाया घ्या. एवढा तुकडा नसेल तर दोन तुकडे अर्धा इंच एकमेकांवर चढवून जोडा. त्यावर कप्पे शिवा. रापीच्या कप्प्यात शिलाईच्या आतल्या बाजूने चामड्याची जाड पट्टी घाला. मग धार पट्टीवर टेकते, दोरा कापला जात नाही. आरीचं टोक बुचात खोचा. वरची कड कप्प्यांवर दुमडा, गुंडाळा, वादीने बांधा.

पावसाळ्यात चामडं ओल धरतं, हत्यार गंजतं. घरी आल्यावर हत्यारं पुसून मशीनचं तेल लावा आणि गुंडाळी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा.