अनमाउंट केलेली डिस्क अजून मोकळी नसते

‘अनमाउंट केलंय, काढ आता डिस्क.’ सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. साध्या पेनड्राइव्हला हे पुरतं. लिनक्सवर एलव्हीएमचे लॉजिकल व्हॉल्यूम असतील, तर पुरत नाही.

अनमाउंटने फक्त फाइलसिस्टिम उतरते. तिच्याखाली डिव्हाइस मॅपरने कर्नलमध्ये एक तक्ता मांडलेला असतो: व्हॉल्यूमचा कुठला भाग कुठल्या डिस्कवर, कुठे. व्हॉल्यूम सक्रिय असेपर्यंत हा तक्ता डिस्क सोडत नाही. तशीच उपसली तरी डेटा बहुतेक वेळा शाबूत राहतो, आणि लोक निर्धास्त होतात. पण तीच डिस्क परत लावली की तिचं नाव एसडीबीचं एसडीसी होऊन येऊ शकतं, आणि जुना तक्ता गेलेल्या एसडीबीलाच चिकटून राहतो. माउंट करायला जावं तर इनपुट-आउटपुट एरर! चांगली डिस्क ‘खराब’ ठरते. प्रत्यक्षात ‘डीएमसेटअप रिमूव्ह’ने तो जुना तक्ता काढायला हवा असतो.

म्हणून आधी अनमाउंट, व्हॉल्यूमवर स्वॅप असेल तर ‘स्वॅपऑफ’, मग ‘व्हीजीचेंज -एएन’ने अख्खा व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय. खाली लक्स एन्क्रिप्शन असेल तर ते त्यानंतर बंद. व्हॉल्यूम वापरात असेल तर व्हीजीचेंज नकार देतं. त्यावर आणखी काय उभं आहे ते ‘एलएसबीएलके’त दिसतं. डिस्क दुसऱ्या मशीनवर न्यायची असेल तर निष्क्रिय केल्यावर, लक्स बंद करण्याआधी ‘व्हीजीएक्सपोर्ट’ही करा.

अनमाउंट करताना ‘टार्गेट इज बिझी’ आलं की ‘यूमाउंट -एल’ मारणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं, मॅन्युअल वाचा. तिथे स्पष्ट लिहिलंय: फाइलसिस्टिम डिरेक्टरींच्या रचनेतून लगेच सुटते, पण उरलेली आवराआवर तिचा वापर थांबल्यावरच होते. म्हणजे एखादा डेटाबेस तिथे लिहीतच राहतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. कोण अडवतंय ते ‘फ्यूजर -व्हीएम’ला विचारा आणि तो प्रोग्रॅम नीट बंद करा.

डिस्क काढण्याआधी तीनदा ‘सिंक’ करण्याची प्रथा जुन्या युनिक्सची आहे; लिनक्स 1.3.20 पासून लिहिणं संपेपर्यंत थांबतो, असं सिंकचं मॅन्युअलच सांगतं.

व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय केल्याने डेटा पुसला जात नाही. डेटा गमावण्याची भीती ‘एलव्हीरिमूव्ह’ची बाळगा.

अनमाउंटही न करता डिस्क उपसली, तर ईएक्सटी4चं जर्नल फाइलसिस्टिमची रचना सावरतं, तुमच्या अर्धवट लिहिलेल्या फाइलची हमी देत नाही.

आणि मशीनच बंद करायचं असेल तर यातलं काही हाताने करायची गरज नाही. नेहमीच्या शटडाउनमध्ये सिस्टिमडी अनमाउंट करून व्हॉल्यूमही सोडवतं.