श्रेष्ठ खेळाडू कोणाला म्हणावे?

आजवरचा सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू कोण, हा वाद आता अमेरिकेपुरता राहिलेला नाही; आपल्याकडील महाविद्यालयांच्या क्रीडांगणांवरही तो हिरिरीने खेळला जातो. कोणी मायकेल जॉर्डनची सहा अजिंक्यपदे पुढे करतो, तर कोणी 2023 साली एकूण गुणांचा जुना उच्चांक मोडणाऱ्या लेब्रॉन जेम्सचे नाव घेतो. दोघांचेही आकडे खरे असतात आणि तरीही वाद मिटत नाही. याचे कारण असे, की एक जण विजय मोजत असतो आणि दुसरा गुण. एकाने वजन सांगावे, दुसऱ्याने उंची सांगावी, आणि मग थोरला कोण यावर हमरीतुमरीवर यावे, तसाच हा प्रकार आहे.

हा घोळ जुनाच आहे. 1961-62 च्या हंगामात विल्ट चेंबरलेन याने दर सामन्यास सरासरी 50.4 गुण मिळविले. 2 मार्च 1962 रोजी तर एकाच सामन्यात त्याने एकट्याने 100 गुण केले. असे असूनही त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून खुद्द खेळाडूंनी मते दिली ती बॉस्टनच्या बिल रसेल याला. रसेलचे खरे सामर्थ्य गुण मिळविण्यापेक्षा प्रतिपक्षाला ते मिळू न देण्यात होते. टोपलीच्या रोखाने निघालेला चेंडू तो हवेतच अडवीत असे. मात्र असे अडविलेले चेंडू अधिकृतपणे मोजण्याची पद्धत 1973-74 च्या हंगामात सुरू झाली, आणि रसेल तर 1969 मध्येच निवृत्त झाला होता. ज्या कौशल्यामुळे त्याच्या संघाने तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळविली, त्या कौशल्याचा आकडा त्याच्या नावापुढे नाही. त्याची किंमत कळली ती त्याच्याशी झुंजलेल्यांना.

मग गुण सोडून विजय हेच माप धरावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अमेरिकेस जावयास नको. नोकरीनिमित्त मी ज्या बंगळुरात राहतो, तेथे श्रेष्ठत्वाचा वाद क्रिकेटवरून रंगतो. मराठी माणसाने सुनील गावसकरांचे नाव काढावे, की कानडी स्नेह्याने गुंडाप्पा विश्वनाथांचे नाव घेतलेच म्हणून समजावे. वास्तविक गावसकरांच्या भगिनी या विश्वनाथांच्या सहधर्मचारिणी. त्या दोन घरांनी जे केव्हाच जोडले, ते आम्ही चहाच्या पेल्यावर अजून तोडीत असतो! आकड्यांनी निकाल द्यावयाचा, तर प्रश्नच उरत नाही. गावसकरांच्या कसोटी धावा 10,122 आणि शतके 34. विश्वनाथांच्या धावा 6,080 आणि शतके 14. तथापि कानडी स्नेही हसून सांगतो, की विश्वनाथांनी ज्या ज्या कसोटीत शतक केले, त्यांपैकी एकही भारताने गमावली नाही.

या दोघांच्या दोन खेळी शेजारी ठेवून पाहाव्यात. जानेवारी 1975 मध्ये चेपॉकवर अँडी रॉबर्ट्सच्या भेदक माऱ्यापुढे भारताचा डाव 190 धावांत आटोपला. त्यांत विश्वनाथांच्या नाबाद 97 होत्या. तो सामना भारताने जिंकला. मार्च 1987 मध्ये येथील चिन्नास्वामी मैदानावर पाकिस्तानविरुद्ध 221 धावा हव्या होत्या. चेंडू हातभर वळत होता, उसळत होता. गावसकरांनी 96 धावा केल्या आणि भारत अवघ्या 16 धावांनी हरला. कसोटीतील तो त्यांचा अखेरचा डाव. शतकांच्या रकान्यात या दोन्ही खेळींना जागा नाही. विजयाच्या रकान्यात पहिलीला आहे, दुसरीला नाही. परंतु दुसरे टोक साथ देणारे मिळाले नाही, म्हणून त्या 96 धावा उण्या ठरतात असे कोणता जाणकार म्हणेल?

तेव्हा नुसता आकडा पुरत नाही आणि नुसता विजयही पुरत नाही. कार्य किती अवघड होते, समोर कोण उभे होते, आणि त्या वेळी संघाला ज्याची गरज होती तेच या खेळाडूने दिले काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून श्रेष्ठत्वाचा निवाडा करू नये. भिन्न काळांतील खेळाडूंची तुलना तर अधिकच जपून करावी, कारण काळाबरोबर नियमही पालटतात. बास्केटबॉलमध्ये दुरून केलेल्या फेकीस तीन गुण देण्याचा नियम त्या अमेरिकन स्पर्धेत 1979 साली आला. त्यापूर्वीच्या खेळाडूला त्या मापाने तोलणे अन्यायाचे होय.

हा केवळ करमणुकीचा वाद आहे, असे कोणी समजू नये. कचेरीत आम्ही निकालात काढलेल्या प्रकरणांची संख्या मोजतो. एखाद्या कारकुनाच्या दक्ष टिपणीमुळे जो तंटा उद्भवलाच नाही, तो कोणत्या रकान्यात मांडावा? शाळेत आपण गुण मोजतो. शेजारच्या मुलाला गणित समजावून देण्यात ज्याची संध्याकाळ गेली, त्याची नोंद कोण ठेवतो? आपण जे मोजतो, तेच करण्याकडे माणसांचा ओढा वाढतो. चेंडू टोपलीत टाकणाऱ्याचाच जयजयकार होऊ लागला, तर चेंडू अडविणारा हळूहळू मिळेनासा होईल. आणि मग संघ हरल्यावर कारण शोधीत बसावे लागेल. म्हणून श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपण कोणते माप हाती घेतले आहे, हे एकदा नीट पाहून घ्यावे.